ओल्या काड्यांचं अकरावं गाणं

डनेडिन गावचे रस्ते इतके उभे, की वरच्या आळीत कुणाच्या हातून बटाटा निसटला तर तो थेट बंदरात जाऊन पडतो, आणि खाली गळ टाकून बसलेला म्हातारा घरी सांगतो, आज बटाटेच लागले. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, पण जाताना पायांत धड बूट घाला. मोरॅगने ते घातले नव्हते. जूनचा महिना, तिकडची ऐन थंडी, आणि ही बाई ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून आणलेल्या उन्हाळी चपला घालून त्या उतारावरून खाली येत होती. एकसष्ट वर्षांची, पाठ ताठ, डोक्याला रुमाल. आई वारली होती, तिचं भाड्याचं घर रिकामं करायला दहा दिवसांची रजा काढून आली होती.

अर्ध्या उतारावर गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. हवामानवाले म्हणाले बोराएवढ्या, पण हवामानवाले घरात बसून होते.

समोर जे दार उघडं दिसलं त्यात ती शिरली.

"दार लाव आधी," आतून आवाज आला. "गारांना चहा नाही मिळत इथे."

ते फर्गसचं जुन्या रेकॉर्डचं दुकान होतं. फर्गस गल्ल्यामागे बसून चीज रोल खात होता. हा माणूस दिवसाला अकरा चीज रोल खायचा आणि बारावा फक्त वास घ्यायला ठेवायचा, असं गावात म्हणतात. गल्ल्याखाली आणखी कुणीतरी वाकून वायर गुंडाळत होतं. त्याचं नुसतं टक्कल दिसत होतं, छान चकचकीत.

मोरॅगने रुमाल झटकला, केस पुसले… आणि तिचा हात तिथेच थांबला.

दुकानात गाणं लागलं होतं.

*उद्या ऊन आहे, म्हणतो रेडिओवाला,*
*आज छत्री मात्र तुझ्याकडेच राहू दे…*

गाणं तिचं होतं. शब्द तिचे, विजेवरच्या पेटीचे ते तिरके, उड्या मारणारे सूर तिच्या बोटांचे. पण गळा दुसऱ्याच बाईचा. थोडा खालच्या पट्टीतला, भरलेला, दुधावर जाड साय यावी तसा. आपला जुना कोट दुसरीच्या अंगावर बघावा, आणि तो तिलाच जास्त शोभावा… तसं मोरॅगला झालं.

"कोण आहे ही?" तिने विचारलं.

फर्गसचं तोंड भरलेलं होतं. त्याने रोलनेच खालच्या टकलाकडे बोट केलं.

"का? आवडली?" टक्कल म्हणालं. मान काही वर झाली नाही.

"बरी आहे."

"बरी म्हणजे किती बरी?"

"म्हणजे मूळच्या मुलीपेक्षा बरी. ती काय गायची? किटलीसारखी. चहाचं पाणी झालं, या, असं सांगायची."

"मला ती किटली आवडायची."

"मग तुम्ही जगात एकटेच असाल."

"होतोच एकटा," टक्कल म्हणालं. "अजून आहे."

मोरॅगला हसू आलं. गारांत अडकलेल्या बाईला अनोळखी माणसाशी एवढं हसायला हरकत नसते. तिने वाकून बघितलं. त्याच्या हातात वायर होती — एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा, एक सुलटा, एक उलटा, कुठे पीळ म्हणून नाही. असे वेढे घालणारा माणूस तिला आयुष्यात एकच भेटला होता. तेव्हा त्याच्या डोक्यावर एवढं रान होतं की त्यात चिमणीच काय, बदकाने संसार थाटला असता.

"डुगल?"

टक्कल झटकन वर आलं आणि गल्ल्याच्या फळीवर आदळलं. फर्गसचा रोल उडाला. डुगल डोकं चोळत उभा राहिला… चष्म्यामागचे डोळे मात्र तेच होते, पावसाळी, हिरवट. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मोरॅग," तो म्हणाला. "तो तुझाच आवाज आहे."

"एक्केचाळीस वर्षांनी भेटलास, आणि पहिलंच वाक्य खोटं?"

"दुसरं बोलू?"

"नको," मोरॅग म्हणाली, आणि दार उघडून गारांत निघून गेली. आत बसण्यापेक्षा त्या परवडल्या.

"बाईला चहा तरी विचारायचा," फर्गस म्हणाला.

*

आता मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते.

ब्याऐंशी साल. जगभर नव्या लाटेच्या गाण्यांचं पीक आलेलं — तिरपी गिटार, विजेवरची पेटी, बारीक टाय आणि रुसल्यासारखे चेहरे. डनेडिनमध्ये तर दर तिसऱ्या घरात एक बँड होता, आणि उरलेल्या दोन घरांत त्यांना शिव्या देणारे शेजारी. त्यातलाच एक वेट मॅचेस, म्हणजे ओल्या काड्या. गावच्या हवेत काडी पेटायचीच नाही, म्हणून हे नाव. क्लाइव्ह गिटारला, त्याचा भाऊ ढोलाला, वीस वर्षांची मोरॅग पेटीवर आणि गळ्याला. डुगल बँडमध्ये नव्हता. तो वायरी गुंडाळायचा, माईक लावायचा, आणि मोरॅग गायला लागली की दुसरीकडे बघायचा.

त्यांनी एकच रेकॉर्ड केली. नाव 'उद्या ऊन'. ऑगस्टात, पोर्ट चॅमर्सच्या बंदरावरच्या एका जुन्या हॉलमध्ये, उसनं आणलेलं टेपचं मशीन लावून, सहा दिवसांत दहा गाणी. त्या वर्षी थंडी अशी होती की बोललेला शब्द ओठांवरच गोठायचा. पोर्ट चॅमर्सच्या पाद्र्याने ऑगस्टात दिलेलं प्रवचन लोकांनी ऑक्टोबरात ऐकलं. आता हे मी शपथेवर सांगणार नाही, पण थंडी खरी होती.

टेप ऑकलंडला गेली, तीनशे रेकॉर्डी छापून आल्या. लावून बघितली तर मोरॅगचा आवाज चिरका, पळता, नाकातून शिट्टी वाजावी तसा. रेडिओवरचा एक शहाणा म्हणाला, "मुलगी गातेय की किटली?" झालं. पुढच्या शनिवारी बारमध्ये तिने तोंड उघडलं आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या — किटलीच्या.

ती तडक डुगलकडे गेली. "तू मुद्दाम केलंस. फॅशन म्हणून माझा आवाज पळवलास."

त्या मुलखातल्या पुरुषांची एक रीत आहे. हवेवर ते तासभर बोलतील, मेंढ्यांवर दिवसभर; मनातलं म्हणून एक ओळ बाहेर येणार नाही. डुगलने बुटांकडे बघितलं. मग खिडकीकडे. "वारा फिरलाय," तो म्हणाला. "उद्या पाऊस आहे."

मोरॅग पंधरा दिवसांत पर्थला गेली. लग्न केलं, मुलगा झाला, लग्न मोडलं. लहान मुलांना पोहायला शिकवायचं काम धरलं. आणि त्या दिवसापासून गायली नाही ती नाहीच. पोराला झोपवताना अंगाईच्या जागी पाढे म्हणायची. पोरगं गणितात हुशार निघालं, तेवढाच फायदा.

*

गारा खाऊन ती आईच्या घरी आली, आणि चादरींच्या घड्या घालायला बसली. एक घडी, दुसरी घडी… आणि खोटारड्याला पकडायचं म्हणून, बाकी कशासाठी नाही, तिने एक ओळ हळूच म्हणून बघितली. *उद्या ऊन आहे…*

रिकाम्या खोलीने ती ओळ परत दिली. खालची पट्टी. साय.

मोरॅगने चादर तोंडाशी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोर्ट चॅमर्सच्या बसमध्ये होती. डुगलची पत्र्याची शेड बंदराच्या वरच्या अंगाला, फर्गसने पत्ता दिला होता आणि सोबत दोन चीज रोल. तिने दार वाजवायच्या आत ते उघडलं.

"ये. चहा ओतलाय."

"मी येणार हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी दोन कप काढतो."

"रोज?"

"कालपासून."

ती आत आली. आत सफरचंदांचा वास, आणि भिंतभर टेपा. कोपऱ्यात फळं सुकवायचं यंत्र घूं घूं करत होतं, पण त्यात फळं नव्हती, टेपचं रिळ होतं.

"हे काय?"

"टेप भाजतोय."

"भाजतोयस?"

"जुन्या टेपचा गोंद ओला होतो, मशीनला चिकटतो. मंद उबेवर दिवसभर सुकवली की एखाद-दोनदा वाजते. तेवढ्यात उतरवून घ्यायची."

"आणि सफरचंदं?"

"खाऊन टाकली. तुमच्या दहा गाण्यांसाठी तीन पेट्या खाल्ल्या मी."

तो सांगत होता ते असं. ती रेकॉर्ड जपानात कुठल्याशा जुन्या बाजारात कुणा वेड्याच्या हाती लागली. त्याने दुसऱ्याला वेडं केलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग ऑकलंडच्या एका लहान कंपनीने ठरवलं की 'उद्या ऊन' पुन्हा काढायची — दोन तबकड्या, जुनी दहा गाणी, वर बारमधली, तालमीतली, जे जे सापडेल ते. फर्गसच्या दुकानात वाजत होती ती चाचणीची प्रत. दुरुस्त करायचं काम डुगलकडे होतं.

"बस," तो म्हणाला, आणि मशीन सुरू केलं. "गाणं ऐकू नकोस. गाण्याच्या आधीचं ऐक."

आधी काहीच नव्हतं. मग, अगदी तळाशी, भुंग्यासारखी एक गुणगुण.

"हे काय आहे?"

"हॉलमधले दिवे. या देशातली वीज एकाच सुरात गुणगुणते, तेव्हाही, आजही. पण मूळ टेपवर दिवे दीड सूर वर गुणगुणत होते." त्याने चष्मा पुसला. "तुझा आवाज मी फॅशन म्हणून पळवला असेल, मोरॅग. दिव्यांचा कशाला पळवू?"

मोरॅग मशीनकडे झुकली.

"मी टेप हळू करत गेलो, दिवे जागेवर येईपर्यंत. दिवे आले… आणि त्यांच्याबरोबर तू आलीस."

"पण असं झालंच कसं?"

"मशीन गारठलं होतं. आतलं वंगण थिजलं, टेप हळू फिरली. आपण हॉलमध्ये त्याच गारठलेल्या मशीनवर ऐकत होतो, तर सगळं ठीक वाटायचं. ऑकलंडच्या उबदार खोलीत तीच टेप नीट वेगाने फिरली, आणि —"

"आणि मी किटली झाले."

"हो."

बाहेर समुद्रपक्षी भांडत होते. मोरॅगने कप दोन्ही हातांत धरला होता.

"म्हणजे मी वाईट गात नव्हते."

"नाही."

"एकदाही?"

"एकदा. तिसऱ्या गाण्यात. शिंकलीस."

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तशी तिने मान फिरवली. चाळीस वर्षं एखादी खोली आपण कुलूप लावून ठेवावी, आत साप आहे म्हणून… आणि उघडावी तर आत आपलीच लुगडी नीट घडी करून ठेवलेली. ज्याचं त्यालाच कळतं ते.

"मला हॉलमध्ये एक हीटर आठवतो," ती म्हणाली. "मग मशीन कसं गारठलं?"

डुगलने खिडकीकडे बघितलं. "वारा फिरलाय."

"डुगल."

"चहा गार होतोय तुझा."

मग तो घाईघाईने दुसरंच बोलायला लागला. एक अकरावं गाणं होतं. नुसती चाल, मोरॅगनेच पेटीवर वाजवलेली, शब्द नाहीत. त्याने ती थोडी लावली. तिने शब्द लिहून गायचं ठरलं होतं, पण त्याच्या आधीच ती निघून गेली.

"चाल कुणाची? तेव्हा मला क्लाइव्हची वाटली होती."

"माझी."

"तू चाली करायचास?"

"एकच केली होती," डुगल म्हणाला. मग थांबून, "त्या वर्षी."

ती तिरक्या नजरेने बघत राहिली.

"सोमवारी सगळं कंपनीकडे पाठवायचंय," तो म्हणाला. "तू रविवारी जाणार म्हणालीस. शब्द तेव्हा लिहिले होतेस का?"

"लिहिले होते. फाडले."

"काय होतं त्यात?"

"तुला शिव्या."

"चालीत बसत होत्या?"

"अगदी चपखल."

"मग त्याच म्हण."

"डुगल, माझ्यात आता गाणं नाही रे. मी दिवसभर पोरांना ओरडते — श्वास धर, श्वास सोड. एवढंच येतं."

"गाणं म्हणजे दुसरं काय असतं?"

"गोड बोलू नकोस. नाही म्हटलं ना."

*

तो तिला व्हॅनमधून गावात सोडायला निघाला. बंदराच्या कडेकडेने वळणावळणाचा रस्ता, पाऊस झिमझिमायला लागलेला. दुसऱ्या वळणावर गाडी थांबली. रस्त्याच्या मधोमध समुद्रसिंहाची मादी झोपली होती. किती मोठी ते सांगत नाही, उगाच म्हणाल बाईला फेकायची सवय आहे. पण तिच्या शेजारी व्हॅन लहान दिसत होती.

तिकडचा कायदा असा की समुद्रसिंह झोपला असेल तर त्याला उठवायचं नाही, हॉर्न द्यायचा नाही, जवळ जायचं नाही. त्याची झोप झाली की तो जाईल. तोवर तुम्ही बसा.

दोघं बसले. काचा हळूहळू धूसर झाल्या. डुगलने वायपर एकदा फिरवला, मग तोही राहू दिला.

"घोरतेय," मोरॅग म्हणाली.

"फर्गससारखी."

"किती वेळ झोपतात हे?"

"गेल्या हिवाळ्यात एक मंगळवारी झोपला होता, गुरुवारी उठला."

"मग आपल्याकडे वेळ आहे." ती त्याच्याकडे वळली. "हीटर कुठे होता, डुगल?"

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जणू गाडी चालूच आहे.

"एकच होता," तो म्हणाला.

"कुठे?"

"ज्याचं मशीन होतं त्याने तीनदा बजावलं होतं. हीटर मशीनजवळ ठेव, हे थंडीत हळू होतं. मला माहीत होतं, मोरॅग. चूक नव्हती ती."

पाऊस टपावर टपटपत होता.

"तुझी बोटं निळी पडली होती. पेटीवरून घसरत होती. तू कुणाला बोलली नाहीस, नुसती काखेत घालायचीस आणि परत वाजवायचीस. मी बघत होतो." त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे झुकावं लागलं. "मी हीटर उचलला आणि तुझ्या बाकाखाली ठेवला. सहा दिवस."

मोरॅगला ती ऊब आठवली. पायांच्या घोट्यांपासून वर चढणारी. त्या आठवड्यात सगळ्या हॉलमध्ये तिला एकटीलाच थंडी वाजली नव्हती, आणि तिला वाटलं होतं, ते गाण्यामुळे.

"मला वाटायचं तो तिथे आधीपासूनच होता," ती म्हणाली.

"मी तसंच ठेवला होता. कळू नये असा."

"मग सांगायचं होतंस. मी येऊन भांडले तेव्हा. एवढंसं तर वाक्य. हीटर तुझ्याजवळ होता, म्हणून मशीन गारठलं."

"मग तू विचारलं असतंस, का ठेवलास."

"विचारलं असतं."

"तेच." डुगलने चष्मा काढला. "तुझी रेकॉर्ड मी बुडवली होती. कानांत शिट्ट्या घेऊन तू दारात उभी. बुडवणाऱ्याने वर तेही तोंडाने सांगायचं?"

मग मोरॅग म्हणाली, अगदी हळू —

"माझा राग चांगला धष्टपुष्ट होता रे. एक्केचाळीस वर्षं पोसला होता मी. नवरा गेला, पण राग टिकला."

"आणि आता?"

"आता त्याला ठेवू कुठे, कळत नाही."

तिचा हात सीटवर होता. त्याचा गिअरवर. मध्ये वीतभर जागा. ती वीत कुणी ओलांडली म्हणून सांगू… दोघंही नंतर दुसऱ्याचं नाव घ्यायचे. पण बाहेरची बया उठली, धूसर काचेतून आत डोकावली, मोठी जांभई दिली आणि डुलत डुलत समुद्राकडे निघून गेली, तरी व्हॅन तिथेच उभी होती. मागच्या ट्रकवाल्याने शेवटी खाली उतरून टपावर थाप मारली.

"काय हो," तो म्हणाला, "तुम्ही पण झोपलात का?"

*

शनिवारी मोरॅग पुन्हा शेडमध्ये आली. आईचं घर रिकामं झालं होतं, बॅग भरून ठेवली होती. पर्समधून तिने चीज रोलची एक कागदी पिशवी काढली. मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने शब्द लिहिलेले, तेलाच्या डागांच्या मधून वाट काढत.

"शिव्या आहेत?" डुगलने विचारलं.

"थोड्या. शेवटी."

त्याने तिच्यापुढे माईक उभा केला, कानांवर हेडफोन ठेवले. ठेवताना तिचे पांढरे केस बाजूला केले, आणि हात चटकन मागे घेतला. विशीतल्या पोराने घ्यावा तसा.

चाल सुरू झाली. विशीतल्या मोरॅगची बोटं पेटीवर धावायला लागली… आणि एकसष्टीची मोरॅग तोंड उघडून उभी राहिली. आवाज फुटेना. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हेडफोनच काढले.

"शिट्ट्या ऐकू येतात मला," ती म्हणाली. "मागच्या बाकांवरून."

डुगलने समजूत घातली नाही. तो उठला, शेडच्या मागच्या टोकाला गेला, तिथल्या एकुलत्या बाकावर बसला, हाताची घडी घातली.

"मागच्या बाकावर आता मी आहे," तो म्हणाला. "श्वास धर. सोड."

ती गायली.

*तू बोलला नाहीस, मी ऐकलं नाही,*
*दोघांनी मिळून एक गाणं राखलं.*
*आता कुठे गळ्याला वाट सापडली,*
*मेल्या, एवढं ऊन तू कुठे झाकलं…*

मधे एकदा आवाज चिरला. शेवटच्या ओळीला तर फाटलाच, जुन्या चादरीसारखा. पण त्या फाटीतून जे आलं, ते ऐकून बंदरातल्या बोटींनी भोंगे वाजवायचे थांबवले होते. हे पोर्ट चॅमर्समध्ये कुणीही सांगेल, निदान मी ज्यांना सांगितलं ते सांगतील.

डुगल मशीनजवळ आला. आणि बोलला ते कामाचंच.

"हल्ली एक बटण असतं. ते दाबलं की आवाज कोवळा होतो, अगदी विसाची वाटशील. बाकीच्या गाण्यांशी जुळेल."

"डुगल, माझ्या आवाजाला पुन्हा हात लावलास तर बंदरात ढकलीन."

"मग आहे तशी?"

"आहे तशी."

तो वायर गुंडाळायला लागला. एक वेढा सुलटा, एक उलटा. ती कोट घालायला लागली, आणि एका बटणाला तिला फार वेळ लागला.

"उद्या किती वाजता विमान?"

"अकरा."

"सोडायला येऊ?"

"नको. तू वाऱ्याबद्दल बोलशील."

वायर त्याच्या हातात थांबली. मग पडली — कशीही, पीळ पडून.

"नाही बोलणार."

"मग काय बोलशील?"

त्याने खिडकीकडे बघितलं नाही. बुटांकडे नाही. तिच्याकडेच बघत म्हणाला, "राहा."

शेडमध्ये फक्त दिव्याची गुणगुण उरली.

"एवढं सोपं होतं?" मोरॅगने विचारलं.

"नाही," डुगल म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत.

"उद्या मला जावंच लागेल. सोमवारी अकरा पोरं काठावर उभी राहणार आहेत, त्यांचा श्वास कोण धरणार? घर आहे तिथे. झाडं आहेत, त्यांना पाणी."

"हो."

"हो काय? अडव तरी."

"एकदा बोललो ना. एवढंच जमलं."

तिने शेवटचं बटण लावलं. मग टेबलाशी गेली. तिथे रेकॉर्डच्या कव्हराचा कच्चा कागद पडला होता, तो उलटसुलट केला.

"दोन तबकड्या म्हणालास. म्हणजे बाजू चार. भरल्या सगळ्या?"

"तीन. चौथी कोरी राहते. कंपनी म्हणते, तिच्यावर काड्यापेटीचं चित्र कोरू."

"चित्र कशाला? गाणी किती मावतील?"

"पाच. ताणलं तर सहा."

"आणि चाली? तू तर एकच केली होतीस."

"त्या वर्षी एकच," डुगल म्हणाला. त्याने भिंतीवरच्या टेपांकडे हात केला, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. "बाकीच्या नंतर केल्या. दर वर्षी."

मोरॅग त्या भिंतीकडे बघत राहिली. एकेक फळी. एकेक टेप, वर त्याच्या बारीक अक्षरात साल. तिने पुढे होऊन एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. तिचा मुलगा जन्मला ते साल. लग्न मोडलं ते साल. आई गेली ते, हे साल. त्या प्रत्येक वर्षी, ती तिकडे ओठ मिटून बसली असताना, इथे कुणीतरी तिच्या गळ्याच्या मापाचं काहीतरी शिवून ठेवत होतं.

ती वळली तेव्हा रुमाल डोक्याला घट्ट बांधत होती.

"सोमवारी कंपनीला पाठवायचंय ना हे?"

"हो."

"पाठवू नकोस."

"अगं, ते वाट बघतायत. काय सांगू त्यांना?"

मोरॅगने दार उघडलं. बंदरावरून गार वारा आत आला.

"सांग," ती म्हणाली, "गाणारी बाई पर्थला सामान आवरायला गेलीय."